आठ पिल्लं गेली, आता पुढं काय?

पत्र

बेळगावात वडगावला आमचं स्वतःचं घर आहे. मागं 12 फूट बाय 20 फुटांचं परडं आहे. सासूबाईंच्या हट्टानं जूनच्या पहिल्या आठवड्यात दारावर आलेल्या माणसाकडून जवारी (गावठी) म्हणून 12 पिल्लं घेतली. खोक्यात ठेवून वर बल्ब लावला होता, तरी तिसऱ्या दिवसापर्यंत तीन मेली. महिन्यानं शीट लाल यायला लागली आणि आठवड्यात आणखी पाच गेली. चार उरलीत, त्यातले दोन कोंबडे. एक आरवायला लागलाय. पलीकडचे आजोबा वासाबद्दल आधीच कुरकुरत होते, आता पहाटेबद्दलही बोलतात. भिंतीवरून मुंगूस जाताना दोनदा दिसलं. कोंबडे दिले तर कोंबड्या अंडी घालणार नाहीत, असं सासूबाई म्हणतात. पुन्हा पिल्लं आणावीत का? किती? परवडेल का? आणि दिवाळीत आम्ही दोन दिवस गावी जातो, तेव्हा काय करायचं?

— एक वाचक, वडगाव

उत्तर

ताई, आधी सासूबाईंचं मिटवूया. अंडं घालायला कोंबडा लागत नाही. कोंबडा लागतो तो पिल्लं काढायला. कोंबडी वयात आली, पोटभर खाद्य आणि पुरेसा उजेड मिळाला की ती आपली आपण अंडी घालते. फक्त त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. तेव्हा दोन्ही कोंबडे काढा. दसरा झाला की गिऱ्हाईक लगेच मिळतं, तोवर एखाद्या नातेवाईकाच्या शेतावर पाठवा. रात्री अंधाऱ्या डालग्याखाली झाकून ठेवला तर आरवणं थोडं उशिरानं सुरू होतं, थांबत नाही. शेजाऱ्याशी भांडण करून कोंबडा पाळण्यात काही अर्थ नाही. कोंबड्याही अंडं घातल्यावर पाच-दहा मिनिटं ओरडतात, पण ते दिवसाउजेडी, आणि तेवढं कुणीही खपवून घेतं.

आता पिल्लं का गेली ते. ही दोन वेगवेगळी मरणं आहेत.

पहिली तीन गारठून गेली. बल्ब होता म्हणता, पण तो एलईडी असणार. आता बाजारात बहुतेक तोच मिळतो. एलईडीचा उजेड पडतो, ऊब पडत नाही. एका दिवसाच्या पिल्लाला पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस लागतं आणि दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचं असतं. जूनमध्ये बेळगावात बाहेर बावीस-तेवीस अंश, वर दमट हवा. जुना पिवळा तारेचा बल्ब 60 वॅटचा असता तर बारा पिल्लांना पुरला असता. त्यात खोकं चौकोनी. गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून पुठ्ठा गोल वळवून त्याचं कडं करतात, कोपरा ठेवतच नाहीत. पिल्लं बल्बाखाली गोळा झाली तर ऊब कमी, कडेला पळाली तर जास्त, सगळीकडे पसरून चरत असली तर ठीक. थर्मामीटर नसला तरी एवढं डोळ्यांनी कळतं.

पुढची पाच गेली ती रक्ती हगवणीनं. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना हा आजार गाठतो. त्याच्या जंतूंची बारीक अंडी शिटेतून बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात, आणि मग पिल्लू टोचून खाईल तेवढी पोटात जातात. जुलैत वडगावात कोरडी जागा कुठून मिळणार? काळी माती पाणी सोडत नाही, खालचं तूस ओलं, पाण्याचं भांडं सांडलेलं. आजाराला आणखी काय हवं? वेळेत कळलं असतं तर औषध साधं होतं. अम्प्रोलियमची 20 टक्क्यांची पावडर, लिटरभर पाण्यात 0.6 ग्रॅम, आजार जोरात असला तर त्याच्या दुप्पट, पाच ते सात दिवस, आणि तेवढे दिवस दुसरं पाणी द्यायचं नाही. इथं एक चूक फार जण करतात. पिल्लू अशक्त दिसतं म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक देतात. अम्प्रोलियम काम करतं तेच मुळी बी-1 जीवनसत्त्वाची जागा अडवून. टॉनिक दिलं की औषध वाया. टॉनिक द्यायचंच तर औषधाचा कोर्स संपल्यावर द्या.

उरलेल्या चार पिल्लांनी हा आजार झेललेला असणार. त्यांना तो सहसा परत तसा होत नाही, पण त्यांच्या शिटेत तो राहू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोग आहे.

पिल्लं नको, तलंगा आणा

पुन्हा पिल्लं आणू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. पिल्लं वाढवणं हे वेगळं काम आहे. दीड-दोन महिने ऊब, लसी, वेगळं खाद्य. वर त्यात निम्मे कोंबडे निघतात, हे तुम्ही बघितलंच. दारावर येणाऱ्या पिल्लांत तर नरांचंच प्रमाण जास्त असतं, कारण अंड्यांच्या जातींची नर पिल्लं हॅचरीवाल्यांना नको असतात. ‘जवारी’ हा शब्द तिथं फक्त भाव वाढवायला असतो.

चार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, आणा, 16 ते 18 आठवड्यांच्या. तुमच्या दोन धरून सहा होतील. तुमच्या जागेत याहून जास्त नको. दहा ठेवता येतील असं कुणी सांगेल, आणि ठेवताही येतील, पण वास सहांना आवरतो, दहांना आवरत नाही.

कुठली जात? अंड्यांसाठी स्वर्णधारा घ्या. बंगळूरला हेब्बाळमध्ये तयार झालेली, कर्नाटकात सगळीकडे पसरलेली. नीट खाऊपिऊ घातलं तर वर्षाला 180 च्या आसपास अंडी. तिथलीच गिरिराज जुनी आणि जास्त माहितीची. अंडी 130 ते 150, पण अंगानं भारी, तिला जागा आणि खाद्य दोन्ही जास्त लागतं. शहरातल्या परड्याला ती जड जाते. खरी जवारी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, तेही मध्येमध्ये खुडूक बसत. चव सासूबाईंना तिचीच आवडेल, पण नुसती जवारी ठेवली तर पुष्कळदा खुराड्यातून रिकाम्या हातानं यावं लागेल. आधीच्या दोन आहेतच, त्यांच्यावर हौस भागवा.

आठवडी बाजारातून तलंगा घेऊ नका. दहा गावच्या कोंबड्या एका डालग्यात कोंबलेल्या असतात, कुणाचा आजार कुणाला लागला सांगता येत नाही. पिल्लं आणून मोठी करून विकणारे लोक बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत आहेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं तर पत्ता मिळतो. तिथं जाऊन ‘कोणत्या तारखेला कोणती लस दिली?’ एवढा एकच प्रश्न विचारा. वही काढून दाखवली तर घ्या. ‘सगळं दिलंय की’ असं म्हणाला तर हसून परत या.

तलंग हातात घेऊन बघा. दोन्ही पंख अंगाला धरून उचला, उताणी करू नका. छातीचं हाड बोटांनी चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं, हाड सुरीसारखं हाताला लागायला नको. डोळे कोरडे, नाकपुड्या स्वच्छ. शेपटीखालची पिसं पांढऱ्या-हिरव्या शिटेनं चिकटलेली असली तर खाली ठेवा. पंखाच्या आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकरीनं बाजूला करा, उवा तिथंच पळताना दिसतात. तुरा लालसर व्हायला लागला असला तर महिना-दीड महिन्यात अंड्यावर येईल.

आणि केव्हा? पाऊस ओसरल्यावर. आता खुराडं बांधायला घ्या, ऑक्टोबरच्या शेवटी किंवा दिवाळी उरकल्यावर तलंगा आणा. थंडीत त्या रुळतील, उन्हाळ्यात अंड्यावर असतील, आणि पुढच्या जूनला पक्क्या मोठ्या असतील.

खुराडं

बेळगावच्या थंडीचं कोंबडीला काही नाही. अंगावर पिसांची गोधडी असते. तिला मारतो तो चार महिन्यांचा पाऊस आणि त्याच्या भीतीनं आपण चारी बाजूंनी आवळून बांधलेली ताडपत्री. आत ओल कोंडते, शिटेतला अमोनिया कोंडतो, कोंबडीचे डोळे पाणावतात, मग सर्दी-खोकला. खुराड्यात गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन बघा. तुमचे डोळे चुरचुरले तर तिचे चोवीस तास चुरचुरतात.

सहा कोंबड्यांना सहा फूट बाय चार फूट जमीन पुरे. एका कोंबडीला चार चौरस फूट. जमिनीपासून दीड फूट उंच विटांचा चौथरा करा, वर सिमेंटचा गिलावा, दाराकडं इंचभर उतार. लाकडी पाय देऊन उंच केलेलं खुराडं स्वस्त पडतं आणि लोक तसंच करतात, पण वडगावात घुशी आहेत. पोकळ जागा दिसली की खाली बीळ करतात आणि फळ्या कुरतडून वर येतात.

इथं पाऊस नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवा, विटांची. पूर्वेकडं जाळी, म्हणजे सकाळचं ऊन आत येऊन तूस वाळवेल. उत्तर-दक्षिणेच्या भिंतींना वरचा फूटभर भाग जाळीचा ठेवा, आणि तो कधीच झाकायचा नाही. पुढच्या जाळीला पावसाळ्यात ताडपत्रीचा पडदा लावा, पण तो खालून वर ओढून बांधता येईल असा. वर हातभर फट राहिली पाहिजे. वरून खाली सोडायचा पडदा केला की माणूस हमखास पूर्ण बंद करतो.

छपराला पत्रा चालेल. चार फुटांत फूटभर उतार, पश्चिमेकडं, आणि त्या बाजूला अडीच फूट पुढं आलेली वळचण. मंगळुरी कौलं उन्हाळ्यात जास्त थंड राहतात, पण कौलं घालायची तर चार फुटांत दोन फूट उतार लागतो. कमी ठेवलात तर वाऱ्याच्या पावसात पाणी कौलाखालून उलटं शिरतं. शिवाय बोका कौल सरकवतो, म्हणून खाली जाळी ठोकावी लागते. पत्रा घेतला तर मार्चमध्ये वरून चुना मारा आणि नारळाच्या झावळ्या टाका. एप्रिलमध्ये दुपारी कोंबड्या चोच उघडून धापा टाकायला लागल्या की छप्पर तापलंय असं समजा.

आत पश्चिमेच्या भिंतीपासून फूटभर सोडून अडीच फुटांवर बसायचा आडवा दांडा. दोन इंच रुंद लाकूड, कडा घासून गोल केलेल्या. एका कोंबडीला दहा इंच धरा, म्हणजे सहा जणींना पाच फूट. बांबू लावू नका. त्याच्या पोकळ टोकांत लाल कीड दिवसा लपते आणि रात्री अंगावर येऊन रक्त पिते. अंडी घालायला फूट बाय फूट बाय फूटची दोन खोकी, दीड फुटांवर. खोकी दांड्यापेक्षा खाली हवीत. वर असली तर कोंबड्या झोपायला त्यातच जातात, रात्रभर शिटतात, आणि सकाळी अंडं घाणीत सापडतं.

मुंगूस. ज्या जाळीला आपण कोंबडीची जाळी म्हणतो, षटकोनी तारेची, ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, मुंगूस बाहेर ठेवायला नाही. ते तार वाकवतं किंवा भोकातून कोंबडीचा पाय-मान धरून ओढतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. खुराड्याच्या सगळ्या उघड्या जागांना तीच. पुढं आठ फूट बाय आठ फुटांचं फिरायचं कुंपण करा, त्याला खालचे दोन फूट तीच जाळी, वर स्वस्तातली चालेल, आणि माथ्यावर नायलॉनचं जाळं, नाहीतर शिक्रा येतो. कुंपणाच्या तळाशी फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला आडवी अंथरून वर माती-दगड टाका. उकरणारा प्राणी अगदी भिंतीपाशी उकरतो, फूटभर मागं सरून उकरायची अक्कल त्याला नसते. मुंगूस दिवसा येतं, बोका आणि उदमांजर रात्री. म्हणून दिवसा कुंपण आणि रात्री खुराड्याचं दार, दोन्ही लागतं. दाराला नुसती आडवी कडी नको, कडीत खिळा अडकवायची सवय लावा.

कुंपणातली काळी माती तशीच ठेवू नका. चार इंच मुरूम पसरा, उतार गटाराकडं, वर तूस किंवा पालापाचोळा. कढीपत्ता, जास्वंद कुंपणाबाहेर असू दे. आत जे असेल ते आठ दिवसांत उकरलं जाईल.

वास

आजोबांची तक्रार खरी आहे, आणि ती एकाच गोष्टीनं मिटते. तूस कोरडं ठेवा. कोरड्या शिटेला वास नसतो. ओल्या शिटेला असतो, आणि तिच्यावरच माश्या अंडी घालतात.

भाताचं तूस आपल्याकडं मुबलक आहे, खानापूरकडच्या गिरण्यांत तर विचारायलाच नको. चोवीस चौरस फुटांवर चार इंच थर द्यायला तीन पोती लागतात. लाकडाचा बारीक भुसा नको. कोंबड्या खातात, आणि तो ओल धरून गोळा होतो. दर दोन दिवसांनी दाताळ्यानं वर-खाली करा. मग मूठभर तूस उचलून घट्ट दाबा आणि हात उघडा. लगेच सुटून पडलं तर उत्तम. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर चालेल. गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग काढून टाका आणि नवं घाला. पावसाळ्यात कोंबड्या बाहेर काढून, दोन मुठी विझवलेला चुना तुसात मिसळून, तासाभरानं त्यांना आत घ्या. चुना पुन्हा पुन्हा घालत बसू नका, पाय भाजतात. दांड्याखाली सगळ्यात जास्त शीट पडते, तिथं जुना पत्रा किंवा फळी ठेवली की रोज सकाळी खरवडून निघते. निम्मा वास तिथंच संपतो.

तूस ओलं होण्याचं खरं कारण मात्र पाऊस नसतो, पाण्याचं भांडं असतं. पसरट थाळी असेल तर आजच फेका. वीस लिटरची झाकणाची बादली घ्या, तळाशी दोन-तीन निपल (चोचीनं टोचलं की पाणी सोडणाऱ्या तोट्या) बसवा, कोंबडीला मान थोडी वर करावी लागेल एवढ्या उंचीवर टांगा, खाली विटांवर जाळी ठेवा. आतल्या पाण्यात शीट पडत नाही, सांडत नाही, आठवड्यातून एकदा घासली की झालं. शिकवायला दोन दिवस लागतात. निपलच्या टोकाला बोटानं थेंब काढून दाखवा, एक शिकली की बाकीच्या बघून शिकतात. एक कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते, एप्रिल-मेमध्ये त्याच्या दुप्पट.

काढलेलं तूस ढिगात दोन-तीन महिने कुजवा आणि मगच कुंड्यांना घाला. ताजं घातलं तर रोपं जळतात. कुजल्यावर मिरची-वांग्याला याच्यासारखं खत नाही. एक डबा आजोबांच्या गुलाबांना द्या.

खाद्य आणि हिशेब

सहा कोंबड्या दिवसाला साडेसहाशे-पावणेसातशे ग्रॅम खातात, म्हणजे महिन्याला वीस किलो. अठरा आठवड्यांपर्यंत ग्रोअर (वाढीचं खाद्य), मग लेयर (अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य). लेयर आधीपासून देऊ नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम वाढत्या कोंबडीच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. नुसता मक्याचा भरडा देऊन अंडी येत नाहीत. कोंबडी चरबी धरते आणि बसून राहते. अंड्याला प्रथिनं लागतात, सोळा टक्के तरी. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागेल ती खाईल. अंड्यांची टरफलं भाजून, बारीक करून घातली तरी चालतात. तशीच अख्खी टाकलीत तर त्यांना अंडं फोडून खायची चटक लागते, आणि ती मोडत नाही.

घरातलं काय द्यायचं? कोबीची पानं, कोथिंबिरीचे देठ, भाकरीचे तुकडे, शिळा भात मूठभर. खारट, तळलेलं, बुरशीचं काही नाही. शेंगदाण्याची पेंड वास घेऊन बघा. पावसाळ्यात तिला बुरशी चटकन लागते, आणि त्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खातं. याच कारणानं पन्नास किलोचं पोतं घेऊ नका. तुम्हाला ते अडीच महिने पुरेल, आणि जुलैत अडीच महिने काहीही टिकत नाही. पंचवीस किलो घ्या, झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंप फरशीवर न ठेवता फळीवर.

परवडेल का, ते असं मोजा. चार स्वर्णधारा आणि दोन जवारी धरून वर्षाला साडेआठशेच्या आसपास अंडी, म्हणजे दिवसाला सव्वादोनच्या थोडी वर. एका अंड्यामागं 280 ग्रॅम खाद्य जातं. तुमच्याकडं लेयर खाद्याचा किलोचा जो भाव असेल त्याला साडेतीननं भागा. तो अंड्याचा खाद्यखर्च. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यापेक्षा जास्त येईल, जवारी म्हणून विकतात त्यापेक्षा कमी. खुराड्याचा खर्च यात धरलेला नाही, आणि धरलात तर काही वर्षं हिशेब तोट्याचाच दिसेल. स्वस्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या असतील तर पाळू नका.

लसी

मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवी पातळ शीट, तोंड उघडून श्वास, मग मान पिळवटते. एकदा आली की औषध नाही आणि सगळ्या जातात. तुमच्या दोन कोंबड्यांना काहीच दिलेलं नाही, तेव्हा तलंगा येण्याआधी हे काम करा. आधी जंताचं औषध, आठवड्यानं डोळ्यात लासोटा या लसीचा थेंब, त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन. अंडी सुरू व्हायच्या आधी ते उरकलेलं बरं, नंतर दिलं तर काही दिवस अंडी घटतात. देवीची लसही याच काळात पंखाच्या पातळ चामडीत देतात. पावसाळ्यानंतर डास वाढतात आणि देवी डासांनी पसरते. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड येतात.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर-दोनशे कोंबड्यांची असते, आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. दोन कोंबड्यांसाठी कुणी फोडत नाही. आसपासच्या पाच-सहा घरांत कोंबड्या असतीलच. सगळ्यांनी मिळून एक सकाळ ठरवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा. बाटली बर्फाच्या थर्मासमधूनच आणायची, पिशवीतून नाही. तिथले कर्मचारी कन्नड बोलणारे असतील तर राणीखेतला ‘कोक्करे रोग’ आणि देवीला ‘सिडुबु’ म्हणतात, एवढं माहीत असू दे. उगाच तोंडाकडं बघत बसावं लागत नाही.

एखादी कोंबडी अचानक मेली तर खायची नाही, नाल्यात टाकायची नाही. तीन फूट खड्डा, वर चुना. दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ मेल्या तर पुरण्याआधी दवाखान्यात कळवा. उवांसाठी मुंग्यांची पावडर अंगाला चोळू नका, ते विष अंड्यात उतरतं. त्यापेक्षा पसरट घमेल्यात बारीक कोरडी माती आणि चुलीतली राख घालून छपराखाली ठेवा. कोंबड्या त्यात लोळून स्वतःच अंग साफ करतात.

नव्या-जुन्या एकत्र करताना

चार नव्या आणल्या की लगेच दोन जुन्यांत सोडू नका. तीन आठवडे वेगळ्या, परड्याच्या दुसऱ्या टोकाला. आधी नव्यांना खाऊ घाला, मग जुन्यांकडं जा, चपला बदलून. वर सांगितलं ते आठवा, जुन्यांच्या शिटेत रक्ती हगवण असू शकते. जुनी जागा खरवडून, ऊन देऊन, नवं तूस टाकूनच नव्यांना आत न्यायचं. शेवटचा आठवडा मध्ये जाळी ठेवून शेजारी-शेजारी ठेवा. मग रात्री अंधारात नव्यांना उचलून दांड्यावर बसवा. सकाळी थोडी टोचाटोची होईलच. रक्त आलं तर जी टोचते तिला दोन दिवस बाहेर काढा, जिला टोचलं तिला नाही. खाद्याची भांडी दोन ठेवा, म्हणजे दबणारीला एक तरी मिळतं.

बाकी थोडक्यात. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा होतो आणि अंडी कमी होतात. पहाटे खुराड्यात नऊ वॅटचा एलईडी लावून एकूण उजेड चौदा-पंधरा तास करता येतो. ऊब द्यायला निरुपयोगी ठरलेला तुमचा बल्ब इथं चालेल. जवारी खुडूक बसली तर तिच्या नाकात पीस ओवणं, पाण्यात बुचकळणं वगैरे करू नका. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल असं तीन-चार दिवस ठेवा, खाद्यपाणी चालू ठेवून. उतरते. अंडी धुवू नका, कोरड्या फडक्यानं पुसा. वरचं पातळ आवरण धुतलं की अंडं लवकर खराब होतं. दीडेक वर्षाच्या झाल्या की पिसं झडतात आणि दोन-तीन महिने अंडी बंद होतात. तो आजार नाही.

आणि दिवाळीचे दोन दिवस. वीस लिटरची बादली आणि पाच किलो मावेल असं टांगायचं खाद्याचं भांडं असेल तर खाण्यापिण्याची काळजी नाही. प्रश्न फक्त रात्रीच्या दाराचा. कोंबड्या अंधार पडला की आपण होऊन आत जातात, पण दार कुणीतरी लावायला हवं आणि सकाळी उघडायला. दोन्ही दिवस खुराड्यातच कोंडून ठेवलंत तरी चोवीस चौरस फुटांत सहांनाही चालतं, मग कुणाची गरज नाही. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी तूस हलवा, निपल गळत नाहीत ना बघा, आणि एकेकीची छाती चाचपा. मानेखालची पोटळी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही भरलेली आणि घट्ट लागली तर त्या कोंबडीला काहीतरी अडकलंय, तिला दाखवूनच गावी जा.